थायरॉईडच्या रुग्णांचे डोळेही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत अलीकडेच थायरॉईडवर पानभर मजकूर आला. वजन वाढणं, केस गळणं, अंग जड वाटणं, पाळीच्या तक्रारी, थंडी सहन न होणं, हे सगळं त्यात होतं आणि घरातल्या कुणालाही कळेल अशा भाषेत होतं. डोळ्यांबद्दल मात्र एकच वाक्य होतं: थायरॉईडमध्ये डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. वाक्य खरं आहे, पण ते बहुतेक वेळा गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जास्त काम करते तेव्हाचं लक्षण. आपल्याकडे ग्रंथी कमी काम करणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. मुंबई आणि गोव्यासह देशात आठ ठिकाणी झालेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांची ग्रंथी मंद आढळली, आणि त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांना आधी त्याची कल्पनाही नव्हती. अशा लोकांपैकी अनेकांचे डोळे हळूहळू कोरडे पडतात. त्यावर मजकुरात एक अक्षर नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी सोलापूर जिल्ह्यात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली. आधी ग्रामीण रुग्णालयांत, शेवटची वर्षं शहरात. आमचं काम वाचकांपैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल: शाळेत मुलांची दृष्टी तपासायची, चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदूचे रुग्ण निवडून शस्त्रक्रियेला पाठवायचे. मला स्वतःला थायरॉईड आहे. म्हणजे हा विषय मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिला आहे.

अश्रू म्हणजे रडताना येतं तेच पाणी, असा सर्वसाधारण समज असतो. पण रडू येत नसतानाही डोळ्यावर पाण्याचा एक अतिशय पातळ पडदा कायम असावा लागतो. तो तीन गोष्टींनी बनतो. बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत थर, जो डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणातल्या पेशी तयार करतात. त्यावर पाणी, जे भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली असलेल्या अश्रुग्रंथीतून येतं. आणि सगळ्यात वर तेल, जे पापण्यांच्या कडेला ओळीनं असलेल्या बारीक ग्रंथींतून पाझरतं. रस्स्यावर तर्रीचा तवंग असतो तसं हे तेल पाण्यावर पसरतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. दर वेळी पापणी मिटते तेव्हा हा पडदा नव्यानं सारवला जातो.

आता थायरॉईड मंद झाला की यातलं काय बिघडतं? एकच उत्तर नाही, आणि गोंधळ तिथंच होतो. अश्रुग्रंथीच्या पेशींवर थायरॉईडच्या संप्रेरकाचा परिणाम होतो आणि ते कमी पडलं की ग्रंथीचं काम मंदावतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. काही रुग्णांच्या पापण्या सुजतात, त्यांची उघडझाप कमी होते, म्हणजे पडदा सारवला जाण्याचं कामच मंदावतं. तेलाच्या ग्रंथी तुंबल्या तर आहे ते पाणीही टिकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण वेगळंच आहे. आपल्याकडे ग्रंथी मंद होते ती बऱ्याचदा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यामुळे. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदानं चार बायकांच्या काढलेल्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत पांढऱ्या पेशींची दाटी दिसल्याचं लिहून ठेवलं. त्या आजाराला आज त्याचंच नाव आहे. गळ्यातल्या ग्रंथीवर अशी चाल करून जाणारी प्रतिकारशक्ती काही जणांत डोळ्याच्या आणि तोंडाच्या ग्रंथींनाही सोडत नाही. थायरॉईडच्या प्रत्येक रुग्णाला हे होतंच असं मी म्हणत नाही. पण डोळ्याची तक्रार घेऊन आलेल्या थायरॉईडच्या रुग्णाला ‘याचा त्याच्याशी काही संबंध नाही’ असं सांगून परत पाठवणं चुकीचं आहे, एवढं मी नक्की म्हणते.

माझी तक्रार सुरू झाली ती डार्करूममध्ये. नंबर काढताना रेटिनोस्कोपचा उजेड रुग्णाच्या बाहुलीत टाकून आतली लाल चमक कुठल्या दिशेनं सरकते ते टक लावून पाहावं लागतं. पापणी मिटायचं भान राहत नाही. सकाळचे रुग्ण ठीक जायचे. दुपार झाली की ती चमक पुसट व्हायची, मी पापणी मिटली की स्वच्छ व्हायची आणि पुन्हा पुसट. हे लक्षण वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावं. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर दिसणं सतत अंधूक असतं. डोळा कोरडा असेल तर ते मिनिटामिनिटाला बदलतं आणि पापणी मिटल्यावर घटकाभर सुधारतं. नवा चष्मा करून आणलेले, तरी वाचताना अक्षर फुटतं म्हणणारे, दुकानदाराशी भांडून आलेले कितीतरी रुग्ण मी पाहिले. चष्मा बरोबर असायचा.

त्यानंतर पहाटेचा त्रास सुरू झाला. जाग आली की पापणी बुबुळाला चिकटलेली असायची. झटक्यात उघडली तर कुणी नखानं ओरबाडावं तशी कळ यायची. मी डोळे मिटूनच उशाशी ठेवलेली बाटली चाचपायचे, पापणीच्या कोपऱ्यात थेंब सोडायचे, तो आत उतरेपर्यंत पडून राहायचे आणि मग डोळा उघडायचे. सोलापूरचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. पारा ४२-४३ वर, हवेत ओल नाही, रात्री डोक्यावर पंखा. निरोगी डोळ्यालाही तो जड जातो. ज्याचं पाणीच कमी झालंय त्याचं काय होत असेल?

मी दाखवलं. एका डॉक्टरांनी वयाचं कारण दिलं, दुसऱ्यांनी मोबाइल कमी करा म्हणून सांगितलं. वयाचं कारण खोटं नाही. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांचे डोळे कोरडे पडू लागतात. मोबाइलचंही खरं आहे. पडद्याकडे पाहताना पापणीची उघडझाप निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पण मी थायरॉईडची गोळी घेते हे दोघांनाही सांगितलेलं होतं आणि दोघांनीही त्यावर पुढे एक प्रश्न विचारला नाही. पन्नाशीच्या बाईची तक्रार वयाच्या खात्यात टाकली की विषय मिटतो, असं आपल्याकडे झालं आहे. थायरॉईड, पाळी जाणं आणि डोळ्यांचा कोरडेपणा तिघंही एकाच वयात, बहुतेक एकाच बाईच्या वाट्याला येतात. म्हणूनच कुठल्या त्रासामागे काय आहे हे वेगळं काढायला हवं.

वेगळं काढण्याची एक चाचणी इतकी साधी आहे की ती प्रत्येक डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात रोज व्हायला हवी. ओटो शर्मर या जर्मन डॉक्टरनं ती १९०३ मध्ये सांगितली आणि आजही तिला त्याचंच नाव आहे. टिपकागदाची एक पट्टी लागते, ५ मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब. बस्स.

ती कशी करतात ते एका रुग्णाच्या निमित्तानं सांगते. विड्या वळणारी एक बाई माझ्याकडे आली होती. मांडीवर सूप घेऊन दिवसभर मान खाली घालून बसायचं काम, सुपात तंबाखूचा चुरा. डोळे लालभडक, पदराचं टोक सारखं डोळ्याला. मी म्हटलं, ‘मावशी, डोळा कोरडा पडलाय का ते बघू.’ ती वैतागली. ‘मॅडम, हितं डोळं नुसतं गळायलंय आन तुमी कोरडा म्हणताय व्हय?’ तिचा प्रश्न अगदी रास्त होता आणि तो हरएक रुग्ण विचारतो. डोळा कोरडा पडला की बुबुळाला टोचतं, टोचलं की मेंदू अश्रुग्रंथीला हुकूम देतो आणि एकदम पाणी वाहतं. ते पाणी गालावर ओघळून जातं, डोळ्यावर टिकत नाही. तासाभरानं पुन्हा कोरडं, पुन्हा टोचणी, पुन्हा पाणी.

मी पंखा बंद केला. पट्टीचं गोल टोक खुणेवर दुमडलं, तिला वर बघायला सांगितलं, खालची पापणी बोटानं ओढून बाहेरच्या बाजूला ते टोक आत अडकवलं. बुबुळाला लागू द्यायचं नसतं. दुसऱ्या डोळ्यातही तसंच. मग घड्याळ लावलं. पाच मिनिटं थांबायचं. रुग्णानं डोळे मिटले तरी चालतात, पापण्या हलल्या तरी चालतात, फक्त चोळायचं नाही. निरोगी डोळ्यात ओल पट्टीवरून खाली उतरताना दिसते आणि पाच मिनिटांत १० मिलिमीटरच्या पुढे जाते. पाचाच्या आत थांबली तर कोरडेपणा बराच आहे असं समजायचं. मावशींची ओल उजव्या डोळ्यात ४ वर थांबली, डाव्यात ३ वर. एवढे गळणारे डोळे, आणि पट्टीचा निम्म्याहून जास्त भाग कोराच. तिला पट्टी हातात दिली तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली.

पट्टी पुरेशी भिजली म्हणजे डोळा निर्दोष, असंही नाही. तेल कमी असेल तर पाणी पुरेसं असूनही टिकत नाही. ते पाहायला पिवळा रंग डोळ्यात लावून निळ्या उजेडात यंत्राखाली बघतात. पापणी उघडी ठेवल्यावर रंगाच्या पडद्याला काळे डाग पडायला किती वेळ लागतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत पडले तर पडदा कच्चा. हे नेत्रतज्ज्ञांचं काम आहे, पण पट्टी तर आमच्यासारखा कर्मचारीही लावू शकतो.

त्या पाच मिनिटांत मी तिच्याकडे नीट पाहिलं. मार्च महिना, आणि बंद केलेल्या पंख्याबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. उलट तिनं पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झालेली. आवाज जाड. हाताची कातडी रखरखीत. चेहरा सुजल्यासारखा. बद्धकोष्ठता आहे का, थकवा आहे का, विचारत गेले तर सगळ्याला हो. डोळ्यांच्या केसपेपरवरच थायरॉईडची तपासणी सुचवली आणि तिला मेडिसिन विभागात पाठवलं. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक; ग्रंथी मंद झाली की रक्तात ते वाढतं. टीएसएच ४ च्या आत असावा लागतो, साधारण. तिचा ६० च्या वर निघाला. बाई कित्येक महिने ‘अंगात जीव नाही’ म्हणत फिरत होती आणि कळलं ते डोळ्यामुळे.

पुढचंही सांगायला हवं, नाहीतर वाचकांचा चुकीचा समज होईल. गोळी सुरू झाली, चेहऱ्याची सूज उतरली, आवाज सुधारला, कामाला उत्साह आला. डोळे मात्र तेवढ्या लवकर आणि तेवढे पूर्ण सुधारले नाहीत. पट्टीवरची ओल थोडी वाढली, पण थेंब बंद करता आले नाहीत. तंबाखूच्या धुळीचा वाटा त्यात होताच, आणि धूळ तर पोटापाण्याची होती. माझंही तसंच आहे. माझा टीएसएच आज ठीक आहे आणि उशाशी थेंब आहेत. प्रतिकारशक्तीनं अश्रुग्रंथीचा जो भाग एकदा निकामी केला तो गोळीनं परत येत नाही. म्हणून दोन्ही उपचार बरोबरीनं चालायला हवेत. गळ्याचा एकीकडे, डोळ्याचा दुसरीकडे.

आणि म्हणूनच, डोळे कोरडे राहतात म्हणून कुणी आपल्या मनानं थायरॉईडची गोळी वाढवू नये. जास्त झालेली गोळी हृदयाचे ठोके बिघडवते आणि वाढत्या वयात हाडं ठिसूळ करते. गोळीची मात्रा बदलल्यावर रक्त पुन्हा तपासायला सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं, कारण शरीराला नव्या मात्रेवर स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. गोळी सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहासाठी निदान अर्धा तास थांबायचं. आपल्याकडे हा नियम पाळला जात नाही, कारण घरात आधी सगळ्यांचा चहा होतो आणि करणारीही बरोबरीनं घोटभर घेते. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी सुरू असेल तर तिच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. पन्नाशीतल्या पुष्कळ बायका कॅल्शियम घेतात आणि दोन्ही गोळ्या एकदम गिळून मोकळ्या होतात. मग गोळी घेऊनही टीएसएच का उतरत नाही, हे कुणाला कळत नाही.

आणखी एक प्रश्न प्रत्येक थायरॉईडच्या रुग्णाला विचारायला हवा: भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का? डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, बोलता बोलता जीभ टाळूला चिकटत असेल, दात भराभर किडत असतील, सांधे दुखत असतील, तर हे प्रकरण निव्वळ डोळ्यांचं राहत नाही. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात अशा १९ बायकांचा अभ्यास मांडला. त्या आजारालाही त्यांचंच नाव मिळालं. थायरॉईडवर हल्ला करणारा आजार आणि हा आजार एकाच व्यक्तीत पुष्कळदा सापडतात. त्यासाठी संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जावं लागतं, वेगळे रक्ततपास लागतात. मुंबई-पुण्याबाहेर असे तज्ज्ञ थोडे आहेत हे मला माहीत आहे, पण निदान कुणाकडे जायचं एवढं तरी रुग्णाला कळायला हवं.

आता थेंबांविषयी, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी तिथं पाहिलं. डोळा लाल झाला की आपण औषधाच्या दुकानात जातो आणि दुकानदार एक बाटली काढून देतो. त्या बाटलीत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून माणूस तीच बाटली वर्षभर आणत राहतो. स्टेरॉईड दीर्घकाळ डोळ्यात गेलं की काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. माझ्या नोकरीत तरुण वयात अशा रीतीनं डोळा गमावलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्याचा मला आजही राग येतो. कायद्यानं ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. लाली घालवणारे जे दुसरे थेंब मिळतात तेही सतत घातले तर सोडल्यावर लाली उलट वाढते.

कोरड्या डोळ्याला लागतात ते कृत्रिम अश्रू. त्यांतही बारकावा आहे. नेहमीच्या बाटलीत औषध टिकावं म्हणून जो पदार्थ घालतात तो बुबुळाच्या वरच्या थराला त्रास देतो. दिवसातून तीन-चार वेळा थेंब घालणाऱ्याला त्याचं फारसं काही होत नाही, पण त्याहून जास्त वेळा लागत असतील तर तो पदार्थ नसलेले थेंब मागून घ्यावेत. ते महाग असतात, ही खरी अडचण आहे. सरकारी दवाखान्यात ते बहुतेक मिळत नाहीत. नेहमीची बाटली उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्यावी. झाकणावर तारीख लिहून ठेवावी. रात्री डोळा ओला ठेवणारं मलम घातलं तर पहाटेची चिकटण कमी होते. पापण्यांच्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्या असतील तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवावं, थंड झालं की पुन्हा बुडवून पिळावं, आणि मग बोटानं पापणीच्या कडेकडे हलका दाब द्यावा. हे रोज केलं तरच उपयोग. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये, दुचाकीवर चष्मा लावावा. सर्दीसाठी घेतलेल्या काही गोळ्यांनी डोळे आणखी कोरडे पडतात, तेव्हा डॉक्टरांना चालू असलेली सगळी औषधं सांगावीत. गुलाबपाणी, मध, एरंडेल, तूप, घरचं काजळ यांतलं काहीही कोरड्या डोळ्यात घालू नये. कोरड्या बुबुळावर आधीच बारीक ओरखडे असतात आणि त्यांतून जंतू आत जायला वेळ लागत नाही. डोळा फार दुखू लागला, उजेड सहन होईना, नजर एकदम कमी झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा डोळा बाहेर आल्यासारखा वाटला तरीही तसंच. ग्रंथी मंद असलेल्यांमध्येही क्वचित ते होतं.

मोतीबिंदूच्या शिबिरांबाबत मला खास सांगायचं आहे. शस्त्रक्रियेआधी आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवताना बुबुळाची गोलाई मोजावी लागते. डोळ्यावरचा पाण्याचा पडदा तुटक असेल तर हे माप चुकू शकतं. शस्त्रक्रियेच्या छेदानं बुबुळाच्या काही नसा कापल्या जातात, म्हणून त्यानंतर काही महिने कोरडेपणा वाढतो. ज्या बाईचा डोळा आधीच कोरडा आहे ती शस्त्रक्रिया उत्तम होऊनही सांगते, ‘तवापासनं डोळा खुपतोय.’ गावात तिचं ऐकून चार जण शस्त्रक्रियेला नाही म्हणतात. शिबिराच्या तपासणीत बीपी आणि साखर पाहतात. तिथंच थायरॉईडची गोळी सुरू आहे का, एवढं विचारलं आणि हो म्हणणाऱ्यांना पट्टी लावली तर आधी महिनाभर थेंब देऊन डोळा तयार करता येईल. याला नवं यंत्र लागत नाही, नवी भरती लागत नाही.

जिल्हा शल्यचिकित्सक आणि आरोग्य खात्यातले माझे जुने सहकारी आपलं दैनिक वाचतात. त्यांना माझी विनंती आहे की पुढच्या औषध खरेदीच्या मागणीपत्रात शर्मरच्या पट्ट्या आणि टिकाऊपणाचा पदार्थ नसलेले कृत्रिम अश्रू ग्रामीण रुग्णालयांसाठी घालावेत. मेडिसिन विभागात थायरॉईडच्या रुग्णाचा केसपेपर लिहिताना डोळा खुपतो का, पाणी गळतं का, तोंड कोरडं पडतं का, हे विचारावं आणि उत्तर हो असेल तर डोळ्यांच्या विभागाची चिठ्ठी द्यावी. डोळ्यांच्या विभागानंही कोरड्या डोळ्याच्या बाईला थकवा, थंडी आणि वजनाबद्दल विचारून गरज वाटली तर टीएसएच सुचवावा. विडी कामगार बायकांची आरोग्य तपासणी होते तेव्हा तर दोन्ही एकत्रच व्हावं, कारण त्या दिवसाची मजुरी बुडवून येतात आणि दुसऱ्या खिडकीसाठी दुसऱ्या दिवशी येणं त्यांना परवडत नाही.

आपली,
एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी,
सोलापूर